दोन गजांमधली फट

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या जुन्या वारली घराला जिना नसतो. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती, मध्ये लाकडी खांब आणि माळा असलाच तर त्यावर चढायला शिडी. शिडीचा एक गुण असा की काम झाले की ती उचलून बाजूला ठेवता येते. घरात रांगते मूल असेल तर तेवढी दक्षता पुरते. जिना मात्र उचलून ठेवता येत नाही. तो दिवसरात्र जागच्या जागी असतो, म्हणून त्याला कठडा लागतो.

याच भागात डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या वाड्यांमधून पारशी आणि इराणी कुटुंबांची जुनी घरे आहेत. अशा घरांतल्या लाकडी जिन्यांना कातीव गजांचे कठडे पाहायला मिळतात. पोटाशी फुगीर, मानेशी बारीक आणि वर-खाली कंगोरे असलेला हा गज कातारी लेथवर लाकूड फिरवत ठेवून, त्याला पटाशी टेकवून काढतो. (या भागातल्या जंगलांतून लाकूड तोडून वाहून आणणारे हात बहुतेक वारल्यांचे होते. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी १९४५ साली वारल्यांच्या लढ्याला तोंड फुटले, त्यात गवतकापणीबरोबर जंगलकामाच्या मजुरीचाही प्रश्न होता. कातीव गजांचे कौतुक करताना एवढे ध्यानात असावे.)

आता गावोगावी स्लॅबची घरे आणि दुमजली शाळा उभ्या राहत आहेत. आमच्या पाहण्यात असे येते की जिना आधी होतो आणि कठडा सर्वांत शेवटी, म्हणजे हातातले पैसे संपत आलेले असताना. मग दर पायरीला एकच गज लावला जातो, किंवा गजांऐवजी दोन आडवे पाइप जोडून काम भागवले जाते. दिसायला कठडा पुरा होतो. तो कठड्याचे काम करतो की नाही, हे मात्र गजांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी दोन गजांमधली मोकळी जागा आणि गजाच्या बुडाशी असलेला जोड पाहावा लागतो.

फट किती असावी?

लहान मुलाच्या शरीराची ठेवण मोठ्या माणसासारखी नसते. त्याचे डोके शरीराच्या मानाने बरेच मोठे असते आणि छाती-कंबर पुढून मागे चपटी असतात. त्यामुळे एखाद्या फटीतून पाय, कंबर आणि छाती निघून जाते आणि डोके अडकते. मूल पायांकडून घसरले तर ते मानेला लटकते. हे अडकणे पडण्याइतकेच घातक आहे.

म्हणून अरुंद फट सुरक्षित आणि रुंद फट धोक्याची, एवढे म्हणून भागत नाही. अमेरिकेत मुलांच्या मैदानावरील खेळसाधनांसाठी जो सुरक्षानियम पाळतात तो या दृष्टीने बोलका आहे. तिथे साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान, म्हणजे सुमारे ९ ते २३ सेंमी या दरम्यानची फट धोक्याची मानतात. नऊ सेंमीहून लहान फटीत धड शिरत नाही. तेवीस सेंमीहून मोठ्या फटीतून डोकेही सुटते. जिन्याच्या बाबतीत यातला दुसरा पर्याय आपल्या उपयोगाचा नाही, कारण सुटलेले मूल खाली पडणार. उरतो तो पहिलाच. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुले ज्या इमारतींत वावरतात तिथे कठड्यातून १०० मिमी व्यासाचा गोल पार होता कामा नये असा नियम आहे. अमेरिकेतील घरांसाठीही चार इंचांचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच गोल धरतात. आपण दहा सेंमी ही कमाल मर्यादा मानू आणि जमेल तिथे नऊच्या जवळ राहू.

आता हा आकडा आपल्या पायरीला लावून पाहू. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीचा पाय ठेवण्याचा भाग किमान २५ सेंमी आणि पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंमी असते. अशा जिन्याला साडेतीन सेंमी जाडीचे लाकडी गज दर पायरीला एक असे लावले, तर मधली मोकळी जागा २५ वजा ३.५, म्हणजे २१.५ सेंमी उरते. वर सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यात ही फट अगदी नेमकी बसते. दर पायरीला दोन गज लावले की दोन गजांच्या मध्यांतले अंतर १२.५ सेंमी होते आणि फट ९ सेंमी. म्हणजे घरच्या जिन्यासाठी ‘पायरीला दोन गज’ हा हिशोब बरोबर जमतो.

तोच हिशोब शाळेत नेला की चुकतो. शाळेच्या जिन्याची पायरी घरच्यापेक्षा रुंद आणि ठेंगणी असते : संहितेप्रमाणे ३० सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच. शिवाय शाळेत लाकडाऐवजी बहुधा लोखंडाचे १२ मिमी जाडीचे गज असतात. पायरीला दोन गज लावले तर मध्यांतले अंतर १५ सेंमी आणि फट १३.८ सेंमी. घरी योग्य ठरलेली पद्धत, तीही अधिक काळजी घेऊन बांधलेल्या शाळेत, मुलाचे डोके अडकण्याजोगी फट देते. इथे पायरीला तीन गज हवेत. तेव्हा फट ८.८ सेंमी होते. ‘घरी करता तसेच करा’ असे वेल्डरला सांगून जमणार नाही, ते एवढ्यासाठी.

कातीव गजांची आणखी एक खोच आहे. फट मोजताना टेप बहुधा गजाच्या पोटाशी लावला जातो, कारण डोळा तिथेच जातो. पण पोटाशी ४ सेंमी जाड असलेला गज मानेशी २ सेंमीच असेल, तर पोटाशी मोजलेली ९ सेंमीची फट मानेशी ११ सेंमी होते. मूल कुठून शिरेल हे आपल्या हातात नाही. म्हणून मोजणी गज जिथे सर्वांत बारीक आहे तिथेच करावी.

गज आणि फटी यांची मोजणी

गज बसवण्यापूर्वी जे गणित करावे लागते ते सहावी-सातवीच्या मुलांना देण्याजोगे आहे, आणि मोठी माणसेही त्यात हमखास गोंधळतात. समजा, जिन्याच्या खालच्या आणि वरच्या खांबांमध्ये आडव्या रेषेत मोजलेले अंतर २६० सेंमी आहे, गज साडेतीन सेंमी जाड आहेत आणि फट दहा सेंमीपेक्षा मोठी चालणार नाही. गज किती लागतील?

मुले २६० ला १३.५ ने भागतात. उत्तर येते १९.२६, आणि ती म्हणतात ‘एकोणीस’. हे उत्तर बरोबर आहे, पण योगायोगाने. दोन्ही टोकांना खांब आहेत, त्यामुळे फटींची संख्या गजांपेक्षा एकाने जास्त असते. बोटे पाच, पण बोटांमधल्या बेचक्या चार. इथे त्याच्या उलट. गजांची संख्या न मानली तर गजांनी व्यापलेली जागा ३.५ × न आणि उरलेली जागा न + १ फटींत वाटायची. प्रत्येक फट दहाच्या आत राहायला न किमान १८.५ लागतो. अर्धा गज लावता येत नाही, म्हणून १९. मग फट होते (२६० – ६६.५) भागिले २०, म्हणजे ९.७ सेंमीच्या किंचित आत. अठरा गजांत काम उरकू पाहिले, तर फट १०.४ सेंमी होते. व्यवहारात अपूर्णांक आला की जवळच्या पूर्णांकात बदलायचा असे आपण शिकवतो. इथे तो नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यावा लागतो. नियमाचा अर्थ संदर्भावरून ठरतो हे दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

भागाकार न करता काम करणाऱ्याची पद्धत वेगळी असते. तो खालच्या खांबापासून दहा सेंमी फट, मग गज, पुन्हा दहा सेंमी, पुन्हा गज असे करत वर जातो. अठरा गज बसले की २४३ सेंमी अंतर संपते आणि शेवटी १७ सेंमीची फट उरते. एकोणिसावा गज मग ‘कशाला’ म्हणून राहून जातो. ही मोठी फट नेमकी वरच्या खांबाशी, म्हणजे मूल जिथे उभे राहून खाली डोकावते तिथे येते. शिवाय एका खुणेपासून पुढची खूण करताना प्रत्येक वेळी एक मिलिमीटर चूक झाली आणि ती एकाच बाजूला होत गेली, तर वीस खुणांत दोन सेंमी होतात. त्यासाठी टेप एकदाच ताणून सर्व खुणा शून्यापासून कराव्यात.

यावर एक सोपी युक्ती आहे, आणि ती वर्गातही करून पाहता येते. शिवणकामात वापरतात ते रुंद इलॅस्टिक घ्या. ते न ताणता त्यावर पेनने समान अंतरावर एकवीस खुणा करा. म्हणजे वीस सारखे भाग होतील. आता एक कल्पना करायची : पलीकडच्या खांबाच्या आत आणखी एक गज लपला आहे. त्याची जाडी मिळवली की एकूण लांबी २६३.५ सेंमी होते आणि तिचे वीस सारखे भाग म्हणजे प्रत्येकी एक फट आणि एक गज. इलॅस्टिकची पहिली खूण अलीकडच्या खांबाला टेकवून ते ताणा आणि शेवटची खूण पलीकडच्या खांबाच्या साडेतीन सेंमी आत न्या. मधल्या प्रत्येक खुणेशी एका गजाची वरच्या बाजूची कड येईल. इलॅस्टिक सगळीकडे सारखे ताणले जाते, म्हणून भाग समानच राहतात. पट्टीला हात न लावता भागाकार होतो.

जिना तिरपा असतो, मग हे आडवे मोजायचे की तिरपे? गज उभे असतील तर त्यांच्यामधली खरी फट आडव्या रेषेतच मोजावी लागते. २५ सेंमी रुंद आणि १९ सेंमी उंच पायरीला तिरप्या रेषेत ३१.४ सेंमी लागतात (पायथागोरसच्या प्रमेयाने पडताळून पाहावे). त्यामुळे आडव्यात १२.५ सेंमीवर असलेले गज हँडरेलवर मोजले तर १५.७ सेंमीवर भरतात. याकडे दुर्लक्ष करून कुणी हँडरेलवरच टेप लावतो आणि फट मोठी झाली असे समजून कारागिराशी वाद घालतो. समान भाग पाडण्यापुरता मात्र हा प्रश्न येत नाही. उभे गज एकमेकांना समांतर आहेत. समांतर रेषा एका छेदिकेवर समान भाग पाडत असतील तर दुसरीवरही पाडतात. म्हणून इलॅस्टिक सरळ तिरप्या हँडरेलच्या कडेने ताणले तरी चालते. फक्त शेवटचा लपलेला गज त्याच उतारावर मोजायचा.

बुडाशी काय होते?

कठडा गजांच्या जोरावर उभा असतो असे वाटते. तसे नाही. हँडरेल दोन्ही टोकांच्या खांबांवर पेललेली असते आणि गज मुख्यतः मधली जागा भरतात. म्हणून आधी खांब पक्के करायचे, मग हँडरेल आणि शेवटी ओळंब्यात गज, असा क्रम असतो.

खांबाच्या बुडाशी काय होते ते तरफेच्या नियमाने कळते. माणूस एक मीटर उंचीवर हँडरेलला रेलला आणि त्याने २० किग्रॅ वजनाइतके बल लावले असे धरा. खांबाचे टोक पायरीत पाच सेंमी खोल भोकात बसवलेले आहे. खांब कलू नये म्हणून भोकाची वरची कड एका बाजूने आणि तळ दुसऱ्या बाजूने त्याला दाबतात. या दोन दाबांमधले अंतर सुमारे चार सेंमी. मग २० × १०० भागिले ४, म्हणजे प्रत्येक बाजूला ५०० किग्रॅ! नुसत्या रेलण्याने भोकाच्या कडेवर अर्ध्या टनाचा दाब येतो. तोच खांब जिन्याच्या बाजूच्या फळीच्या किंवा स्लॅबच्या कडेला खाली उतरवून, एकमेकांपासून २० सेंमी अंतरावर दोन बोल्टांनी आवळला तर प्रत्येक बोल्टवर १०० ते १२० किग्रॅच येतात. खांब जाड केल्याने जे साधत नाही ते बोल्टांमधले अंतर वाढवल्याने साधते.

हे करून पाहायचे असेल तर दोन सारखे डबे ओल्या वाळूने ठासून भरा. एकात तीस सेंमीची काठी तीन सेंमी आणि दुसऱ्यात दहा सेंमी खोवा. काठीच्या टोकाला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याला अडकवलेल्या पिशवीत एकेक खडा टाकत जा. काठी कलेपर्यंत किती खडे लागले ते मुलांना मोजू द्या. खोली तिप्पट झाली तर खडे तिपटीहून बरेच जास्त लागतात. असे का, याचा विचार त्यांच्यावर सोडावा.

पावसाळा आणि लाकूड

नवा असताना ठोकून घट्ट बसवलेला लाकडी गज दोन-तीन वर्षांत हाताने फिरू लागतो. दोष बहुधा सुताराला दिला जातो. किनाऱ्यावरच्या हवेचाही त्यात वाटा असतो.

लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्क्यांपर्यंत जातो. ती ५० टक्क्यांवर राहिली तर ९-१० टक्क्यांपर्यंत उतरतो. ओलाव्याबरोबर लाकूड फुगते आणि आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. ओला साग पूर्ण वाळला तर वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे सव्वापाच टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मा आणि उभ्या तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाहीच. साग पुष्कळ लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी ही स्थिती.

वर्गात दाखवायला ताज्या फांदीची बोटभर जाडीची चकती कापून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा. परिघाकडून मध्याकडे जाणारी एक भेग पडेल. परीघ जितका आकसू पाहतो तितकी त्रिज्या आकसत नाही, म्हणून परीघ फाटतो. चकती न फाटता आकसू शकली असती, तर परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर बदलावे लागले असते, आणि ते तर बदलत नाही.

आता गज. त्याचे टोक बारीक करून काढलेली २५ मिमी व्यासाची खुंटी हँडरेलच्या भोकात बसते. पावसाळा ते उन्हाळा एवढ्या फरकाने ती एका दिशेने एक तृतीयांश मिलिमीटरने आणि दुसऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याने लहान होते. गोल खुंटी अंडाकृती होते. भोक मात्र हँडरेलच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे तिच्या तंतूंच्या दिशेने, हलतच नाही. खरी हानी पावसाळ्यात होते. फुगू पाहणाऱ्या खुंटीला भोक जागा देत नाही, तेव्हा खुंटीचे तंतू चिरडतात. पुढच्या उन्हाळ्यात ती आकसते ती मुळापेक्षा लहान होऊनच. आणखी सरस ओतून हे टळत नाही.

उपाय जुनेच आहेत. कातलेले गज ज्या घरात लावायचे त्याच घरात काही आठवडे सुटे रचून ठेवावेत, म्हणजे त्यांतला ओलावा तिथल्या हवेशी जुळतो. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर काम काढू नये. आरपार भोकात बसणाऱ्या खुंटीच्या टोकाला करवतीने चीर देऊन तीत पाचर ठोकतात, पण ही चीर हँडरेलच्या तंतूंना आडवी, काटकोनात हवी. तशी असली तर पाचरीचा रेटा तंतूंच्या दिशेने जातो. चीर तंतूंना समांतर धरली तर हँडरेलच फाटते.

लोखंडी गजांना ही अडचण नाही, त्यांना खाऱ्या वाऱ्याची आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पायरीत पुरलेला गज बुडाशी गंजला की तो आजूबाजूचे काँक्रीट आतून फोडतो. वरून रंगवलेला कठडा त्यामुळे फसवा असतो. बुडाशी पाणी साचू नये एवढा सिमेंटचा उतार दिला तरी आयुष्य वाढते.

माणसांचे बल

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ या एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतल्या सर्वांत मोठ्याची तीव्रता सुमारे ४.१ होती. धक्क्याच्या भीतीने घराबाहेर धावताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा त्या दिवशी अंत झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्या सुमारास इथे भूकंपमापक बसवले. उगम उथळ असल्याने लहान धक्काही मोठा आवाज करतो आणि माणसे दचकून पळतात.

असा धक्का कठडा पाडील काय? आकडे मांडून पाहू. एक मीटर लांबीच्या कठड्याचे वस्तुमान १५ किग्रॅ धरा. जमिनीचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या एक दशांश झाला, तर कठड्यावर आडवे बल येते दीड किग्रॅ वजनाइतके. शाळेची पिशवी टांगल्यावर यापेक्षा जास्त येते. लहान धक्क्याने स्वतः कठडा पडत नाही. धक्क्याने जिन्यावर लोटलेली माणसे तो पाडतात.

हे बल किती धरावे ते भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) दिले आहे. घरातल्या खासगी जिन्याच्या कठड्यासाठी हँडरेलच्या दर मीटरला ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३६ किग्रॅ वजनाइतके आडवे बल. जिथे गर्दी उसळू शकते अशा नाट्यगृहे, शाळा यांसारख्या जागी २.२५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २३० किग्रॅ. सहापटींहून अधिक! एकावर एक रेलणाऱ्या माणसांची बले एकाच दिशेने मिळत जातात आणि शेवटच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर तेवीस माणसे गेली ती अशाच रेट्यात. खासगी घर भाड्याने घेऊन त्यात बालवाडी किंवा शिकवणी भरवली जाते, तेव्हा छत्तीस किलोंसाठी केलेला कठडा दोनशे तीस किलोंच्या जागी उभा असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

धक्का चालू असताना मुलांना जिन्याकडे धावू न देणे हा म्हणून कठड्याच्याही बचावाचा भाग आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी बाकाखाली शिरून बाकाचा पाय धरावा, हादरे थांबले की मग रांगेने उतरावे. याचा सराव करताना रांग भिंतीच्या बाजूने नेली तर कठड्यावर भार येतच नाही.

आडव्या पाइपांविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. सहा वर्षांच्या, ११५ सेंमी उंचीच्या मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ६५ सेंमीवर असतो. एक मीटर उंच कठड्यापलीकडे ते तोल जाऊन पडणे कठीण. पण तेच मूल जमिनीपासून ४० सेंमी उंचीच्या आडव्या पाइपवर चढले की गुरुत्वमध्य १०५ सेंमीवर जातो, म्हणजे कठड्याच्या वर. उभे गज पाय ठेवायला जागा देत नाहीत.

आपल्या शाळेचा जिना तपासायचा तर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापाव्यात, एक १० आणि दुसरी १५ सेंमी व्यासाची. पहिली कोणत्याही दोन गजांमधून, त्यांच्या बारीक भागाशीही, उभी धरून पार होता कामा नये. दुसरी चकती पायरी आणि कठड्याची खालची तिरपी पट्टी यांच्यात जो त्रिकोण उरतो त्यासाठी; अमेरिकन नियमात तिथे सहा इंचांची सवलत आहे. कुठे चकती गेली त्याची नोंद मुले जिन्याच्या आकृतीवर करू शकतील. खांब हलतो का हे मात्र शिक्षकांनीच, पायरीच्या आतल्या बाजूला उभे राहून, हाताने पाहावे. मुलांना कठडा ढकलायला सांगू नये.

फट मोठी निघाली तर कठडा काढून टाकण्याची गरज नसते. पायरीला एक लाकडी गज असलेल्या जिन्यात मध्ये तसाच आणखी एक बसवला की २१.५ सेंमीच्या जागी ९-९ सेंमीच्या दोन फटी होतात. शाळेच्या १३.८ सेंमीच्या फटीत एक १२ मिमी गज वाढवला की ६.३ सेंमी उरतात. वेल्डर येईपर्यंत निकामी झालेले नायलॉनचे मासेमारीचे जाळे कामाला येते, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर ते मिळायला हरकत नाही. बारीक आसाचे जाळे निवडावे, मोठ्या आसात मुलाचा पाय रुतून ते वर चढते. ते कठड्याच्या आतल्या बाजूने ताणून वर हँडरेलला, खाली पट्टीला आणि मध्ये दर तिसऱ्या-चौथ्या गजाला बांधावे. जाळ्याने फट बुजते, पण हलणारा खांब पक्का होत नाही. त्याचे बोल्ट वेगळे आवळावे लागतात. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते, तेव्हा उघड्यावरच्या जिन्याचे जाळे दर पावसाळ्यानंतर ओढून पाहावे.